खर्जाची तार

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी खर्जाची तार सर्वांत शेवटी छेडली जाते आणि सर्वांत आधी विसरली जाते. पंचमाला त्याच्या जागेचा मान आहे. मधल्या दोन तारांना तर ‘जोड’ असे घरगुती, जिव्हाळ्याचे नाव मिळालेले आहे. खर्ज बापडा एकटा. पितळेची जाड तार, अंगाने इतरांहून भारी, आणि आवाज असा की तो ऐकू आला म्हणण्यापेक्षा अंगाला लागला असे म्हणावे. तंबोरा कसा लागला आहे म्हणून गाणाऱ्याला विचारा. तो जोडीबद्दल बोलेल, पंचमाबद्दल बोलेल. खर्जाची आठवण निघते ती तो बिघडल्यावर. घराच्या पायाची आठवण भिंतीला तडा गेल्यावर निघते, तशी.

बारीक आवाजाला आपण मान वळवून पाहतो. पोर रडले, घंटा वाजली, कुणी शीळ घातली की लक्ष तिकडे गेलेच. ढाल्या आवाजाचे तसे नाही. जात्याची घरघर, गोठ्यातले हंबरणे, लांबच्या डोंगरावरचा गडगडाट, हे सगळे आपल्या भोवती असतात आणि नसल्यासारखे असतात. आमच्या डिंभ्याला पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे घोड नदीत पाणी कोसळू लागते. नवख्या पाहुण्याला तो आवाज पहिल्या रात्री झोपू देत नाही. आम्हांला तो थांबला म्हणजे जाग येते.

या खर्जाच्या तारेपायी गेल्या कार्तिकात आमच्या भजनी मंडळात मोठाच पेच पडला. पेचाचे स्वरूप ऐकले तर वाचकांना हसू येईल. तंबोरा लावण्यासाठी मोबाइल फोनला कोणता माइक जोडावा, एवढाच तो प्रश्न. पण त्या प्रश्नाच्या निकालावर एक तंबोरा देवळात राहणार की फडताळावर जाणार हे ठरायचे होते. आणि तंबोऱ्याबरोबर एक माणूसही.

तो तंबोरा मूळचा आमच्या गावचा नव्हे. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा वरच्या अंगाच्या एका वाडीतून तात्यांनी तो खांद्यावर घालून आणला. भांडीकुंडी बैलगाडीत घातली, तंबोरा मात्र गाडीत ठेवला नाही. ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावही त्याच पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावात आणि नाव पाण्यात, असा आमचा मुलूख. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. तोही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला. असो. सांगायचे ते असे की, या तंबोऱ्याने एक गाव बुडताना पाहिले आहे आणि तात्यांनीही.

वाद्य मिरजेचे आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याला तुणीच्या लाकडाचा दांडा आणि तबली जोडून मिरजेचे कारागीर दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे घडवीत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी मी तात्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हंजी आता तारा सस्त्या व्हणार का?”

तात्या आमचे विणेकरी. वय ऐंशीच्या पुढे. तंबोरा, वीणा, पेटीची सुरावट, सगळे लावून घेण्याचे काम चाळीस वर्षे त्यांच्याकडे. अलीकडे त्यांचा कान गेला असे गावात बोलतात. ते अर्धेच खरे आहे. म्हातारपणी कान जातो तो वरच्या मजल्यावरून ओस पडत खाली येतो; बारीक आवाज आधी जातात, जाडे मागे राहतात. टाळांचा किणकिणाट तात्यांना आता ऐकू येत नाही. टाळकरी नुसतेच हात हलवताना दिसतात म्हणून ते हसतात. नातीचे बोलणे त्यांना दोनदा विचारावे लागते. पण पखवाजाचा धुमा आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यांच्यापर्यंत अजून जसाच्या तसा पोहोचतो. ही गोष्ट पोरांना ठाऊक नव्हती. त्यांना एवढेच दिसत होते की, हाक मारली तर म्हातारा ओ देत नाही.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे पहाटेचा काकडा चालतो. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरे त्यातले चार-आठ दिवस रजा काढून येतात. त्यांतल्या एकाने फोनवर स्वर मोजण्याचे ॲप आणले होते. फोन पुढे धरायचा, तार छेडायची. कोणता स्वर वाजला आणि तो किती चढला-उतरला हे सुई दाखवते. चढ-उतार सेंटमध्ये मोजतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. तात्यांनी तंबोरा लावून ठेवला होता. बुवांचा आवाज वयामानाने उतरल्यापासून तो काळी एकऐवजी पांढरी एकला लावतात. पोराने जोडीच्या तारा तपासल्या, बरोबर. पंचम तपासला, ठीक. मग खर्ज छेडला आणि सुई भलतीकडेच गेली. फोन म्हणाला, ही पांढरी तीन आहे, आणि तीदेखील १४ सेंट उतरलेली.

“तात्या, तुमची तार सा ला न्हाय, ग ला लागलीय,” पोरगा ओरडून म्हणाला. सगळे हसले. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. मंडळीत कुजबुज सुरू झाली. तंबोऱ्याची घोडी झिजली असेल, भोपळा आतून गेला असेल, आणि मुख्य म्हणजे तात्यांचा कान. त्यापेक्षा फोनमध्येच तंबोरा मिळतो. तो लाउडस्पीकरला लावला की लावण्याची कटकट नाही, तारांचा खर्च नाही.

तात्यांना हे सगळे नातीने कानाशी सांगितले. त्यांनी खर्ज पुन्हा एकदा छेडला, भोपळ्याला कान लावून तो विझेपर्यंत ऐकला आणि म्हणाले, “गंधार बोलतोय म्हन्तो ना तुपला फोन? मंग बराबर हाय. मपल्या कानालाबी त्योच येतोय.”

पोरांना हा म्हाताऱ्याचा हेका वाटला. वस्तुतः त्या देवळात त्या पहाटे याहून अचूक वाक्य कुणी बोलले नव्हते.

पांढरी एकला लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३१ वेळा कापतात, पंचमाची ९८ वेळा आणि खर्जाची त्याच्या खाली, साधारण ६५.४ वेळा. पण तार काही एकाच आवाजात बोलत नाही. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंपनांचे बारीक स्वर तिच्यातून एकदम निघतात. खर्जाची दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम, आणि पाचपट, सुमारे ३२७, हा गंधार. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात कुणी न वाजवलेला गंधार घुमतो, त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. जवारीचे सूत घातले म्हणजे तार तिला निसटती शिवत राहते आणि हे वरचे स्वर उमलून येतात. तार जिथे छेडली तिथे स्थिर राहू पाहणारे उपस्वर एरवी उमटायला नकोत. ते या घोडीमुळे तंबोऱ्यात आणि वीणेत उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले.

आता उरला तो १४ सेंटांचा उतार. पेटीचा गंधार आणि तारेतून आपोआप निघणारा गंधार हे एक नव्हेत. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. त्या वाटणीत गंधाराला त्याच्या हक्काच्या जागेहून जवळजवळ १४ सेंट वर बसावे लागते. फोनमधले ॲप पेटीच्या मापाने मोजत होते. त्याने खर्जातला गंधार ऐकला, तो अगदी सुरेल असल्यामुळे पेटीहून १४ सेंट खाली भरला, आणि फोनने त्याला बेसूर ठरवले. तात्यांचा खर्ज इतका नेमका होता की, त्याच्या पाचव्या उपस्वराची देखील नोंद बिनचूक पडली. या भांडणाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी त्यांच्या खटपटीला येऊन मिळाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा त्या मोजमापाला आधार होता, आणि श्रुतींची म्हणून वेगळी पेटीही घडवली गेली. ती पेटी मागे पडली, साधी पेटी देवळोदेवळी पोहोचली आणि आता फोनात शिरून तात्यांना नावे ठेवू लागली.

परंतु ही झाली निम्मी उकल. फोनने गंधार ऐकला हे समजले. त्याच्या खालचा भरभक्कम सा त्याला का ऐकू येऊ नये? लहान पोराला तो ऐकू येतो, म्हशीला ऐकू येत असेल. तेव्हा मी त्या वस्तूचा कान कसा असतो याचा शोध करू लागलो.

टेलिफोन हे यंत्र गाण्यासाठी जन्मलेले नाही. बोललेले समजावे, एवढीच त्याची प्रतिज्ञा. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला ३०० पासून ३४०० पर्यंतची कंपने पाठवीत. खालची आणि वरची कापून टाकीत. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. म्हणजे ट्रंककॉलवर वडिलांचा आवाज ऐकून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांच्यापर्यंत वडिलांच्या आवाजाचा मूळ स्वर पोहोचलाच नव्हता. वरचे उपस्वर तेवढे आले, आणि त्यांच्यामधल्या अंतरांवरून कानाने खालचा स्वर आपल्या पदरचा घालून घेतला. कानाची ही करामत मला फार विलक्षण वाटते. उपस्वरांची रांग पाहून तो तिच्या मुळाचा ठाव घेतो. पावलांच्या अंतरावरून माणसाची उंची ओळखावी तसा.

हल्लीच्या मोबाइलची पट्टी पुष्कळ रुंदावली आहे. त्यातला माइक तर मुळीच बहिरा नाही. सिलिकनचा, गव्हाच्या दाण्याहूनही लहान असा तो पडदा खर्ज चांगला ऐकू शकतो. पण त्याच्या मागे बसलेल्या यंत्रणेला सांगून ठेवलेले असते की, खालचे आवाज म्हणजे वाऱ्याची फडफड, श्वासाचे फुंकर, फोन धरलेल्या हाताची खसखस. ते आत येऊ देऊ नकोस. शिवाय सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशीही तिची समजूत करून दिलेली असते. पंखा, मोटार, गिरणी यांना ती वगळते. आणि तंबोऱ्याइतका एकसारखा चालणारा दुसरा आवाज कोणता? २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी फोनवरून गाणे शिकले त्यांनी हे अनुभवले आहे. गुरुजींचा गळा ऐकू येई आणि मागचा तंबोरा दोन सेकंदांत विरून जाई. तंबोऱ्याला पंखा समजून यंत्र त्याला बंद करीत असे.

ॲप करणाराने मनावर घेतले तर ही चाळणी काढून ठेवता येते. अँड्रॉइडने २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीत संस्कार न केलेला आवाज मागण्याची सोय केली, आयफोनवरही मोजमापाची निराळी रीत आहे. पण फुकटच्या ॲपांत ती काळजी घेतलेली असेलच असे नाही. काही शहाणी ॲप्स कानासारखीच उपस्वरांच्या अंतरांवरून मूळ स्वर काढतात. आमच्या पोराचे ॲप तेवढे शहाणे नव्हते. जो आवाज सर्वांत मोठा, तोच खरा असे ते मानी. (या बाबतीत ते ग्रामसभेहून वेगळे नव्हते.)

म्हणून बाहेरचा माइक जोडून पाहावा असे ठरले. चार दिवसांत चार माइक देवळात जमले. खेड्यात एखाद्या गोष्टीची गरज आहे असे समजले की ती गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या घरातून निघतेच.

पहिला आला लाउडस्पीकरवाल्याचा, हातात धरायचा. हा एकाच बाजूने ऐकतो. अशा माइकची खोड अशी की, तोंडाशी धरला तर खालचे आवाज फुगवतो आणि वीतभर लांब नेला तर तेच गाळतो. कीर्तनकार त्याला ओठांशी का धरतात याचे एक कारण हे, भारदस्तपणा आयता मिळतो. पण त्याची जाडी पिन फोनला बसेना, बसवली तर आवाज पुरेना. तो परत गेला.

दुसरा बिनतारी होता. फोनवर चित्रफिती काढणारी मुले सदऱ्याला लावतात तसला. त्याच्यात आवाज ‘स्वच्छ’ करण्याची सोय आहे म्हणून तो आणणारा फार कौतुकाने सांगत होता. ज्या स्वच्छतेपायी हे रामायण घडले तीच इथे दुप्पट. तंबोरा छेडला, तीन सेकंदांनी सुई मेली.

तिसऱ्यावर माझी मोठी आशा होती. गिटारवाले वाद्याला चिमटा लावतात, तो. तो हवा ऐकतच नाही, लाकडाची थरथर ऐकतो. देवळातली बडबड, कुत्र्याचे भुंकणे, शेजारचा पखवाज, काही त्याला शिवत नाही. कल्पना उत्तम, पण सरळ फोनला जोडला तर आवाज पत्र्यासारखा पातळ येऊ लागला. त्यालाही कारण आहे. या चिमट्यातल्या स्फटिकातून निघणारी वीज फार दुबळी असते. ती घेणाऱ्याने अगदी हलक्या हाताने घ्यावी लागते. फोनचा हात जड. तो ओढून घ्यायला जातो आणि आधी सांडतो तो खर्ज. मध्ये बॅटरीवरची छोटी पेटी जोडली तर हा चिमटा सर्वांत गुणी ठरेल. ज्यांना परवडेल त्यांनी तसे करावे. आमच्या मंडळाची शिल्लक त्या महिन्यात पखवाजाच्या पुड्यावर खर्च झाली होती.

उरला चौथा. वायरचा साधा कॉलर माइक, दोन-तीनशे रुपयांचा, माझ्याच पिशवीतला. शाळेच्या ऑनलाइन तासांच्या दिवसांतला. हा चारी बाजूंनी सारखा ऐकतो, आणि तसे ऐकणाऱ्या माइकला जवळ-लांबची खोड नसते. खालचे आवाज तो मुकाट्याने घेतो. फोनच्या भोकात त्याची चार पट्ट्यांची पिन बसली. मुलांना तो पसंत नव्हता. सर्वांत स्वस्त होता ना!

तो धरायचा कुठे, यावर पुन्हा वाद. एकाने दांड्याला बांधला, एकाने तारांसमोर टांगला. तात्या बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी हाताने सगळ्यांना बाजूला सारले आणि घोडीच्या खाली, तबली जिथे भोपळ्याला मिळते त्याच्या जरा वर, बोट ठेवले. त्या जागी तबलीची झिलई उडालेली आहे. चाळीस वर्षे ते तिथेच कान टेकीत आलेले आहेत. नातीने माइक फडक्यात गुंडाळून तिथे धरला.

खर्ज छेडला. सुई आधी जरा वर गेली, कारण जोरात ओढलेली तार प्रथम किंचित चढीच बोलते. मग खाली आली आणि पांढरी एकवर बसली. पोरगा फोनकडे आणि मग तात्यांकडे पाहत राहिला. सुईला दोन-तीन सेंटांचा थरकाप होता. तो राहणारच. खर्जाच्या एका हेलकाव्याला सेकंदाचा पासष्टावा हिस्सा लागतो. त्याची नीट मोजणी करायला यंत्रालाही सेकंदभर दम धरावा लागतो. शिवाय इतक्या खाली एका कंपनाची चूक म्हणजे २६ सेंटांची चूक; पेटीच्या मधल्या सप्तकात, ४४० वर, तीच चूक चार सेंटांची. खर्ज लावणे कठीण का, ते या दोन आकड्यांत सगळे आले.

सुईला आणखी मदत करायची असेल तर जवारीचे सूत काढून घ्यावे. उपस्वर मिटतात, तार मुकी होते, आणि मूळ स्वर एकटा उघडा पडतो. सूत परत घातल्यावर स्वर थोडा हलतो, तेवढा मण्याने सावरावा. तात्यांना ही युक्ती सांगितली तेव्हा त्यांनी तोंड वेडेवाकडे केले. उघड्या खर्जाकडे पाहणे त्यांना बरे वाटले नसावे.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या पहाटे नवेच झेंगट निघाले. पंचम. काल ठीक असलेला पंचम आज विचित्र वागू लागला. तार छेडली की सुई जागेवर येई, आणि आवाज ओसरू लागला की सावकाश वर सरकून ३५ सेंटांवर जाऊन उभी राही. पोरे म्हणाली, तार चढतेय. पण वाजून विझणारी तार चढत नसते. हलली तर खालीच येते. तात्यांना विचारले. ते म्हणाले, “तार हाय तिथंच हाय. दुसरंच कायतरी गातंय.”

तेवढ्यात वीज गेली. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, तरी ती आमच्याकडून अधूनमधून जातेच. देवळात काळोख झाला, आणि त्या काळोखात फोनची उजळ सुई पंचमावर येऊन निमूट बसली.

देवळामागे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुपटीने, १०० वेळा, गुणगुणतो. आमचा पंचम ९८ चा. म्हणजे आपली सारी वीज थोड्याशा चढ्या पांढरी पाचमध्ये गात असते, आणि पंचमाची तार विझत आली की हा बिनबुलावा गवई सुईचा ताबा घेई. फोनच्या स्वतःच्या कानाला हे कधी ऐकू आले नसते. खालचे सारे तो गाळून बसला होता. चांगला कान आणला, त्याने खर्जही ऐकला आणि ट्रान्सफॉर्मरही. फोन चार्जरला लावून ठेवला तर हीच गुणगुण वायरीतून येते, म्हणून तेवढा वेळ तो काढून ठेवावा. नवल तात्यांचे. ती गुणगुण आम्हां कुणालाच ऐकू आली नव्हती, इतकी ती रोजची झाली होती.

तंबोरा फडताळावर गेला नाही. फोनमधला तंबोरा एकदा लाउडस्पीकरवर लावून पाहिला; कर्ण्यातून खर्ज निघतच नव्हता, नुसता झिणझिणाट येत होता, आणि बुवांना तोंड उघडवेना. त्यावर कुणी ठराव वगैरे केला नाही. ज्या पोराने पहिल्या दिवशी हसू पिकवले होते तो रजा संपेपर्यंत रोज पहाटे चार वाजता येऊन तात्यांसमोर बसत होता. तात्यांच्या बोटांना आता खुंटी पिळण्याचे बळ नाही. खुंटी पिळते नात. आठवीत आहे. ती आधी आजोबांच्या झिजलेल्या जागेवर कान टेकते, तात्या दुसऱ्या बाजूने टेकतात, दोघांची डोकी भोपळ्याच्या दोन अंगांना. गंधार आला की दोघेही एकदम मान हलवतात. फोन मग उघडतात. कधी दोन सेंट, कधी तीन. एकदा सहा निघाले, तेव्हा तात्यांनी ॲपचा दोष नाही असे कबूल करून मणी सरकवला.

माइकची कीर्ती पखवाज्यापर्यंत गेली. पौर्णिमेच्या आदल्या पहाटे तो म्हणाला, “गुरुजी, तेवढा मपल्या धुम्याला लावून बघा की.” पखवाजाचे उजवे अंग सरळ आहे. त्याच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर तारेसारखे हिशोबात बसतात. रामन यांनी १९२० साली तेही दाखवले. गट्ट्यावर हातोडी मारत त्याने ते सुईबरहुकूम लावून घेतले. डावे अंग मात्र कुणाचे ऐकणारे नव्हे. त्याला शाई नसते, ऐनवेळी कणीक थापायची. थाप पडली की स्वर वरून खाली घसरत येतो, आणि घसरणाऱ्या स्वरावर सुई बसावी कुठे? ती लंबकासारखी हेलकावत राहिली. पखवाज्याने चिमूटभर कणीक वाढवली, पुन्हा थाप मारली. थोडी काढली, पुन्हा मारली. नात माइक धरून वाकली होती, तिच्या बोटांना कणीक, फडक्याला कणीक. तात्यांनी वीणा गळ्यात घातली होती. त्यांनी जमिनीला टेकलेल्या पायाने थाप ऐकली आणि हात वर केला, पुरे. नातीने माइक पुसून पिशवीत टाकला, कारण तोवर टाळ सुरू झाले होते.